नोलाच्या छावणीतले दगड

रोमन प्रजासत्ताक सीझरने बुडवलं, हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की ते कुणी तपासून बघत नाही. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सीझर रुबिकॉन नदी ओलांडून इटलीत शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर एकच लीजन (काही हजार सैनिकांचं दल) होतं, तेरावं. पण आपलंच सैन्य घेऊन आपल्याच राजधानीवर चालून जाण्याचा कित्ता ३९ वर्षांपूर्वीच घालून दिलेला होता. तो सुल्ला या सेनापतीने घालून दिला. आणि सुल्लाला ते जमलं कशामुळे, हे बघायचं तर माणसांच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा सैनिकांच्या निवृत्तीचा हिशोब आधी बघावा लागतो.

जुना नियम असा होता की ज्याच्याकडे मालमत्ता, तोच सैन्यात. शेतकरी आपली हत्यारं घेऊन लढाईला यायचा आणि मोहीम संपली की शेतावर परत जायचा. मोहिमा स्पेन-आफ्रिकेपर्यंत लांबल्या, वर्षानुवर्षं चालू लागल्या, तशी पात्र माणसं कमी पडायला लागली. मालमत्तेची अट ११,००० आसवरून (आस हे रोमन नाणं) ४,००० वर आणि पुढे १,५०० वर आलेली नोंदींत दिसते. म्हणजे इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या सेनापतीने भूमिहीनांची भरती केली, तेव्हा त्याने एका रात्रीत क्रांती केली हे खरं नाही. बरीचशी गळालेली अट त्याने बाजूला सारली, इतकंच. मात्र परिणाम मोठा झाला. या माणसांना परत जायला शेतच नव्हतं. पगार तुटपुंजा, त्यातून धान्याचे, कपड्यांचे, हत्यारांचे पैसे कापले जायचे. लूट मिळाली तर मिळाली. म्हातारपणी काय, याचं उत्तर एकच होतं, जमीन. आणि ती देण्याची कुठलीही कायमची सोय रोमच्या राज्यकारभारात नव्हती.

मग ती मिळायची कशी? सेनापतीने एखादा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांनी निवडून दिलेला अधिकारी, हाताशी धरायचा, ट्रिब्यूनने लोकांच्या सभेत कायदा मांडायचा, आणि विरोध झाला की निवृत्त सैनिकांनी फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, गर्दी करायची. इ.स.पू. १०३ मध्ये सॅटर्निनस या ट्रिब्यूनने मारियसच्या सैनिकांना आफ्रिकेत माणशी १०० युगेरा जमीन मिळवून दिली. एक युगेरम म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण २५ गुंठे, म्हणजे एकेकाला बासष्ट एकरांच्या आसपास. विरोध करणाऱ्या सहकारी ट्रिब्यूनला दगड मारून पळवलं गेलं. इ.स.पू. १०० मध्ये हाच सॅटर्निनस फारच डोईजड झाला, तेव्हा सिनेटच्या, म्हणजे बड्या घराण्यांच्या सभेच्या, आदेशावरून खुद्द मारियसने त्याला सिनेटच्या इमारतीत कोंडलं, आणि जमावाने छपरावर चढून कौलांनी त्याला ठेचून मारलं.

सिनेट स्वतःच जमीन का देत नव्हती? खजिन्याची चिंता होतीच. पण खरी अडचण अशी की ज्याच्या नावाने जमीन वाटली जाईल, त्याची हजारो कुटुंबं आयुष्यभर मिंधी होणार. हे श्रेय दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून प्रत्येक प्रस्ताव रेंगाळत ठेवला गेला. शेवटी श्रेय मिळायचं ते सेनापतीलाच. हा कोतेपणा रोमला जेवढा महाग पडला, तेवढा कार्थेजचा सेनापती हानिबलही महाग पडला नसेल, असं माझं मत आहे.

आता इ.स.पू. ८८. सुल्ला कॉन्सल होता, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. पूर्वेकडे पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्याविरुद्धची मोहीम रीतसर चिठ्ठ्या टाकून त्याच्या वाट्याला आली होती. पूर्व म्हणजे श्रीमंत शहरं, म्हणजे लूट. पण सत्तरीला टेकलेल्या मारियसलाही तीच मोहीम हवी होती, आणि सल्पिशियस या ट्रिब्यूनने कायदा करवून ती त्याला देऊन टाकली. सुल्ला त्या वेळी इटलीतल्या नोला शहराच्या वेढ्यावरच्या सैन्याजवळ होता, सहा लीजन हाताशी. त्याने सैनिकांना बोलावून झालेला अपमान सांगितला. रोमवर चला असं तो स्वतः म्हणाला नाही. सैनिकांनी मनातल्या मनात हिशोब केला की मारियस आला तर तो आपल्याला सोडून स्वतःची वेगळी माणसं पूर्वेला नेणार. ताबा घ्यायला मारियसने पाठवलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी दगडांनी मारून टाकलं आणि सुल्लाला म्हणाले, आम्हाला रोमला ने. एका क्वेस्टरचा (खजिना सांभाळणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याचा) अपवाद सोडला तर वरचे सगळे अधिकारी सुल्लाला सोडून निघून गेले. खानदानी माणसांना हे पाप वाटलं, पोटार्थी माणसांना वाटलं नाही. माझ्या मते प्रजासत्ताक संपलं ते इथे. रोममध्ये शिरताना एस्क्विलाइन दरवाज्याशी लोकांनी छपरांवरून दगड-कौलांचा मारा केला, तेव्हा सुल्लाने घरांवर पेटते बाण सोडायला लावले.

पुढची सहा वर्षं सूडाची. सुल्ला पूर्वेला गेल्यावर मारियस आणि त्याचा साथीदार सिना यांनी शहर घेतलं, कत्तली केल्या. मारियस सातव्यांदा कॉन्सल झाला आणि इ.स.पू. ८६ च्या जानेवारीतच मेला. सुल्ला ८३ मध्ये परतला, १ नोव्हेंबर ८२ ला रोमच्या कॉलाइन दरवाज्याशी झालेली लढाई जिंकला.

त्याच्या प्रोस्क्रिप्शनची, म्हणजे शत्रूंच्या नावांची मृत्युयादी जाहीर करण्याची, कार्यपद्धती नीट बघण्यासारखी आहे. फोरममध्ये पांढऱ्या पाट्यांवर नावं लागत. पहिल्या दिवशी ८०, मग आणखी २२०, मग पुन्हा तेवढीच. मुंडकं आणणाऱ्याला १२,००० डिनारियस (चांदीची नाणी). आसरा देणाऱ्याला मृत्युदंड. मालमत्ता जप्त करून लिलाव. मुलांना आणि नातवांना सार्वजनिक पदं बंद. यातलं चौथं कलम सगळ्यात विषारी ठरलं, कारण लिलाव आला की शत्रू असणं पुरेसं नसतं, चांगली बागायत असणंही पुरतं. अमेरिया गावचा जमीनदार रोसियस यादी बंद झाल्यानंतर मारला गेला. तरी त्याचं नाव घुसडून त्याची ६० लाख सेस्टर्टियसची (डिनारियसच्या पाव किमतीचं नाणं) इस्टेट सुल्लाच्या क्रायसोगोनस नावाच्या मुक्त गुलामाने २,००० ला घेतली, आणि वर बापाच्या खुनाचा आळ मुलावर आणला गेला. मुलाच्या बाजूने उभा राहिलेला वकील २६ वर्षांचा होता. त्याचं नाव सिसेरो.

सुल्लाने घटनेची डागडुजी मात्र कसून केली. सिनेट ३०० वरून ६०० च्या घरात नेली. ट्रिब्यूनचे हातपाय बांधले, ते पद घेतलेल्याला पुढची पदं बंद केली. क्वेस्टरला किमान ३० वर्षं, प्रीटरला (न्यायदानाचं पद) ३९, कॉन्सलला ४२. सैन्य घेऊन प्रांताबाहेर पडणं हा राजद्रोह. कागदावर चोख. पण सैनिकाच्या म्हातारपणाचा प्रश्न त्याने तात्पुरता सोडवला, तोही दुसऱ्यांच्या जमिनी हिसकावून. २३ लीजनची माणसं वसवली म्हणतात. त्यातल्या अनेकांना शेती पेलली नाही, ती कर्जात बुडाली आणि इ.स.पू. ६३ मध्ये कॅटिलिना या उमरावाच्या बंडात सामील झाली. गंमत म्हणजे त्यांनी ज्यांच्या जमिनी घेतल्या होत्या, तीही माणसं त्याच बंडात होती.

वयाच्या अटीचं काय झालं? इ.स.पू. ७० मध्ये पाँपी हा सेनापती पस्तिशीत, आधीचं एकही पद न भूषवता कॉन्सल झाला, आणि सहकॉन्सल क्रॅससच्या जोडीने ट्रिब्यूनचे अधिकार परत देऊन मोकळा झाला. सैन्य पाठीशी असलेल्या माणसाला जन्मतारीख कोण विचारणार! हाच पाँपी ६२ मध्ये पूर्वेकडून आला, शहाण्यासारखं सैन्य विसर्जित केलं आणि सैनिकांसाठी जमीन मागितली. सिनेटने पुन्हा रेंगाळवलं. ५९ मध्ये सीझरने ती दांडगाईने मंजूर करून घेतली. विरोध करणाऱ्या सहकॉन्सल बिबुलसच्या डोक्यावर फोरममध्ये शेणाची टोपली ओतली गेली.

हा हिशोब अखेर रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने मांडला, तोही उशिरा. इ.स.पू. ३० आणि १४ मध्ये त्याने वसाहतींसाठी जमिनी पैसे मोजून घेतल्या, इटलीत सुमारे ६० कोटी सेस्टर्टियस, प्रांतांत सुमारे २६ कोटी. इ.स. ६ मध्ये स्वतंत्र सैनिकी खजिना उघडून स्वतःचे १७ कोटी त्यात घातले. पुढचा भरणा वारसाहक्कावरच्या ५ टक्के आणि लिलाव-विक्रीवरच्या १ टक्का करातून. लीजनच्या सैनिकाला २० वर्षांनंतर १२,००० सेस्टर्टियस, म्हणजे १३ वर्षांहून जास्त पगार एकरकमी. बड्या घराण्यांनी वारसाकराविरुद्ध बोंब मारली, तेव्हा मग जमिनीवरच कर बसवतो अशी हूल देऊन त्याने त्यांना गप्प केलं. आता सैनिकाचं म्हातारपण सेनापतीच्या मर्जीवर राहिलं नाही, तिजोरीवर गेलं. तिजोरीची चावी अर्थात एकाच माणसाकडे.

आणि तीही पुरत नव्हती. पैसे वाचवायला म्हाताऱ्यांना सोडतच नसत. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस मेल्याची बातमी आली, तशी डॅन्यूबजवळच्या पॅनोनियातली आणि ऱ्हाइनकडची लीजनं बिथरली. ऱ्हाइनच्या छावणीत समजूत घालायला तिथला सेनापती जर्मानिकस आला, तेव्हा तीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या सैनिकांनी मुका घ्यायच्या निमित्ताने त्याचा हात धरला आणि त्याची बोटं आपल्या तोंडात घातली, आत एक दात उरलेला नाही हे कळावं म्हणून.