गार्डची हद्द कुठवर?

वणी-राजुरा पट्ट्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, वर मात्र ठळक अक्षरात 'कायदेशीर सूचना'. म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक ड्रोनला लायसन्स आणि पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, खाण, जिनिंग किंवा सोलर प्लांटवरून ड्रोन नेला की ती घुसखोरी, गार्ड ड्रोन जप्त करू शकतो, मोबाइल तपासून व्हिडिओ डिलीट करायला लावू शकतो, पोलीस येईपर्यंत बसवून ठेवू शकतो, आणि हद्दीत आलेला ड्रोन पाडला तर गुन्हा नाही. पोळ्याचे बैल टिपणारी, कापसाच्या पट्ट्यांचे रील करणारी गावोगावची पोरं हे वाचून ड्रोन कपाटात ठेवायला लागली आहेत, म्हणून हा खटाटोप.

परवानगीचं आधी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तर त्यालाही नाही. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या मोकळ्या भागात, ४०० फुटांपर्यंत उडवायला आधी कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही, ठाण्याची तर नाहीच. पण मेसेजमध्ये इथं अर्धं सत्य आहे. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंदणी करून युआयएन, म्हणजे ड्रोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्यावाच लागतो. आणि मायक्रो ड्रोननं पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग केलं की ती हौस राहत नाही, मग प्रमाणपत्र हवंच. 'आपलाच ड्रोन आहे, भाऊच्या मित्राचं लग्न आहे' हे तिथं चालत नाही.

झोन ठरवतो तो सरकारच्या 'डिजिटल स्काय' पोर्टलवरचा नकाशा. कंपनीनं कुंपणाला लावलेला 'ड्रोन निषिद्ध क्षेत्र' हा बोर्ड झोन ठरवत नाही. तातडीची गरज असेल तर तात्पुरता रेड झोन (उडवायला बंदीचा भाग) जाहीर होतो. तो पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी, आणि तो नकाशावर दिसायला हवा. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीसारखा मनाई आदेश निघालेला असू शकतो. तेव्हा बोर्डाखाली आदेशाचा क्रमांक आणि तारीख आहे का, ते बघा. नसेल तर तो बोर्ड म्हणजे कंपनीची इच्छा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर हा लेखसुद्धा एखाद्या फॉरवर्डसारखाच होईल. पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती आणि भंडाऱ्याच्या आयुध निर्माणी, ताडोबा-मेळघाटसारखं जंगल, इथं हक्कांची भाषा बोलू नका. ड्रोन बॅगेतून काढूच नका. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली आहेत, गोंदियाचं बिरसी त्याआधीच सुरू झालंय. त्या बाजूच्या पोरांनी जुन्या सवयीवर जाऊ नये, नकाशा नव्यानं उघडावा. आणि गेटवर सीआयएसएफचा (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा) जवान असेल तर तो खासगी गार्ड नव्हे, त्याला कायद्यानं अटकेचे अधिकार आहेत.

आता जप्ती, मेसेजचा खरा दम तिथंच आहे. एका सोलर प्लांटच्या कुंपणाबाहेर, पांदणीलगतच्या वावरात, गार्ड आणि ड्रोनवाल्या पोरात झालेला संवाद असा :

"काय करून राह्यला गा? कोनाले इचारून उडवून राह्यला?"

"काका, मी माह्या बापाच्या वावरात उभा आहो."

"ते मले नको सांगू. सायबाचा फोन आला. रिमोट दे इकडे."

आणि काकांनी रिमोट ओढला, ड्रोन वर असताना. रिमोटच्या काड्यांवर नको तसा अंगठा पडला असता तर तो ड्रोन पॅनलवर नाहीतर काकांच्याच डोक्यावर आला असता. म्हणून कुणी अंगावर आलं तर आधी "उतरवतो, मग बोलू" म्हणायचं आणि खरंच उतरवायचं.

खासगी गार्डची एजन्सी २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली चालते. त्या कायद्यानं गार्डला पोलिसांचे अधिकार दिलेले नाहीत. उलट पोलिसासारखा दिसणारा गणवेश घातला तर शिक्षा सांगितली आहे, आणि फोटोचं ओळखपत्र एजन्सीनं द्यायचं असतं. ते नम्रपणे मागा. झडती, जप्ती, मोबाइलचा लॉक उघडायला लावणं यातलं काहीच त्याच्या हातात नाही. अटक तो तुमच्या-माझ्याइतकीच करू शकतो : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर (किंवा माणूस फरारी घोषित असेल तर), आणि मग सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. सोयाबीनचं रील त्यात बसत नाही. वाट अडवून धरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे, केबिनमध्ये बसवून ठेवणं कलम १२७ खाली. प्रकरण चिघळलं तर ११२ लावा. पोलिसांना वस्तू ताब्यात घेता येते, पण रीतसर, पंचनाम्यासह. व्हिडिओ मात्र स्वतःहून डिलीट करू नका. ड्रोन कुठं होता याचा पुरावा तोच असतो.

गार्डवर ओरडू मात्र नका. बारा तासांची ड्युटी, ठेकेदाराचा पगार, वर कॅमेऱ्यात बघणारा साहेब. बहुतेकदा तो तुमच्याच शेजारच्या गावचा असतो.

घुसखोरीचा मुद्दा लवकर आटोपतो. त्या गुन्ह्यात माणसानं जागेत शिरावं लागतं, तेही वाईट हेतूनं. रास्त उंचीवरून नुसतं उडून गेल्याबद्दल अतिक्रमणाचा दावा चालत नाही, हे तत्त्व १९३४ च्या विमान कायद्यातच होतं. पण तुम्ही उभे आहात ती जागा कंपनीची असेल तर "बाहेर व्हा" म्हणायचा गार्डला पूर्ण हक्क आहे. आणि कुंपणाजवळ घिरट्या घालत कामगारांच्या वस्तीत, कुणाच्या न्हाणीवर कॅमेरा फिरवला तर वेगळंच कलम लागेल, लागलंच पाहिजे.

पाडण्याबद्दल : दुसऱ्याची वस्तू मुद्दाम फोडणं न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली येतं, मग ती गुलेलनं फोडा की काठीनं. जिनिंगवाल्यांनी तर हा विचारसुद्धा करू नये. ड्रोनमध्ये लिथियमची बॅटरी असते, आपटून फुटली की पेट घेते, आणि खाली सरकीसकट कापसाची गंजी असते.

स्वतःहून आत पडलेल्या ड्रोनसाठी कुंपण ओलांडू नका, नाहीतर मेसेजमधली घुसखोरी खरी होईल. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नोंद करून मागा. दिला नाही तर ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि अर्जात युआयएन लिहा. ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा आणि युआयएनच नसेल, तर मात्र तो अर्ज तुमच्यावरच उलटायचा.