जुन्या एटीव्हीचा ‘अडीच फेऱ्यांचा’ उपाय

गेल्या महिन्यात एकच मजकूर माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून आला. जुनी एटीव्ही, म्हणजे शेतात-मातीत चालणारी चारचाकी मोटरसायकल, घेणाऱ्यांसाठीचा रामबाण म्हणे. त्याचा सार असा: कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) स्क्रू अडीच फेऱ्या बाहेर काढा, मिसिंग (इंजिन अडखळणं), गरम होणं, पिकअप सगळं जागेवर येतं. खान्देशच्या उन्हात हवा पातळ होते आणि मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), म्हणून उन्हाळ्यात पेट्रोल वाढवा. सायलेन्सर फटफटला तर पेट्रोल जास्त जातंय असं समजा. प्लग काळा दिसला तर रिंग-पिस्टन गेले, सौदा मोडा. आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) तारेने साफ करा.

केळीच्या बागेत फवारणीची टाकी ओढणाऱ्या अशा दोन-चार गाड्या माझ्या गॅरेजात येऊन गेल्यात. हा उपाय करून आलेली एक अजून दारात उभी आहे. म्हणून लिहितोय.

पहिलं, अडीच फेऱ्या. कुठला स्क्रू? काही कार्बोरेटरांत तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तेव्हा तो हवा मोजतो. बाहेर काढला की हवा वाढते, मिक्श्चर लीन होतं. काहींत तो इंजिनच्या बाजूला असतो, तेव्हा तो पेट्रोल मोजतो. बाहेर काढला की रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. म्हणजे एकच सल्ला वाचून दोन माणसं नेमकी उलटी कामं करणार, आणि दोघांनाही वाटणार की आपण सांगितल्याप्रमाणेच केलं.

त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या स्क्रूचं राज्य फार छोटं. स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न देता, आणि थ्रॉटल जेमतेम पाव उघडेपर्यंत त्याचं चालतं. पावापासून पाऊणपर्यंत नीडल (कार्बोरेटरमधली सुई) बघते, आणि पुढे फुल रेसपर्यंत मेन जेट. बांधावर चढताना फुल थ्रॉटलला गाडी दम टाकत असेल तर स्क्रू कितीही फिरवा, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. माझ्याकडे गाडी आली की मी अंगठ्याच्या थ्रॉटलवर पाव, अर्धा, पाऊण अशा पांढऱ्या खुणा करतो आणि मालकालाच चालवायला सांगतो. कुठल्या खुणेवर अडखळली ते सांगा, बाकी नंतर बघू. इंजिन गरम असताना त्याच खुणेवर चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी दांडी) किंचित ओढून बघायचा. गाडी सुधारली तर तिथे पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर जास्त होतंय. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य.

इथेच एक गंमत सांगतो. बऱ्याच छोट्या एटीव्हींना थ्रॉटलच्या डबीवर एक बारीक बोल्ट असतो. पोरांनी जोरात पळवू नये म्हणून तो आत फिरवून वेग बांधून ठेवतात. एक दादा ‘वरती पळतच नही भो’ म्हणत आले. आधीच्या मिस्तरीने दोनदा मेन जेट बदललेला. मी तो बोल्ट सैल केला आणि जुना जेट परत बसवला.

दुसरं, ऊन. हा दावा सरळ उलटा आहे, तरी लोकांना पटतो, कारण ऐकायला बरोबर वाटतं. भुसावळला पारा ४५च्या घरात गेला की हवा पातळ होते, हे खरं. पण पातळ हवेत ऑक्सिजन कमी असतो आणि कार्बोरेटरला तो कळत नाही. हवा कार्बोरेटरच्या घशातून ज्या वेगाने जाते, त्या ओढीवर पेट्रोल वर येतं. हिवाळ्यातल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी हवेची घनता साधारण ११ टक्के कमी असते. पेट्रोल त्या मानाने निम्मंच कमी होतं. म्हणजे उन्हाळ्यात मिक्श्चर पाच-सहा टक्के रिच होतं. शहाद्याकडून तोरणमाळला हजार मीटरच्या वर चढलात तरी तेच होतं. लीनची खरी अडचण डिसेंबरच्या थंडीत येते. कडक उन्हात उभी केलेली गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही, ती गोष्ट वेगळी: कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापून उकळतं. त्याला स्क्रूचा इलाज नाही, सावली शोधा.

लीनचं आजचं खरं कारण मजकुरात औषधालाही नाही, ते म्हणजे पंपावरचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की तेच काम साडेतेरा किलोच्या आसपास होतं. जुन्या जेटवर बसवलेली गाडी त्यामुळे सात-आठ टक्के लीन चालते. उन्हाळ्यात उष्णता ते थोडं भरून काढते. थंडीत मात्र सकाळी चोक ओढल्याशिवाय गाडी हलत नाही.

तिसरं, फटफट. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फटफटत असेल तर बहुतेक वेळा स्लो सर्किट लीन असतं, किंवा एग्झॉस्टच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यावर पेट्रोल कमी केलं की फटफट वाढणार. हवेची चोरी शोधायला इंजिन स्लोवर ठेवा आणि कार्बोरेटर ते इंजिन जोडणाऱ्या रबरावर स्प्रे बाटलीने पाणी मारा. आवाज बदलला तर रबर तडकलंय. काही जण कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ मी ते करत नाही.

काळ्या प्लगबद्दल थोडक्यात. कोरडी, मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. कारण बहुतेक किरकोळ असतं: अर्धवट अडकलेला चोक, गळणारा फ्लोट वॉल्व्ह (वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारा), किंवा काळ्या मातीच्या धुळीने बसलेला फोमचा फिल्टर. हा फिल्टर आधी रॉकेलने धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा, मग मिक्श्चरबद्दल बोला. ओला, तेलकट काळा प्लग आणि सोबत निळा धूर असेल, तर मात्र रिंगची किंवा वॉल्व्ह सीलची शंका घ्या. कोरडा काळा प्लग बघून सौदा मोडू नका, भाव पाडा.

तारेचा सल्ला वाचून मला खरंच राग येतो. क्लच केबलची तार पोलादी आणि जेट पितळी. स्लो जेटचं भोक ०.३८ मिलिमीटर असेल आणि तार फिरवून ते ०.४२ झालं, तर डोळ्याला काही दिसत नाही, पण क्षेत्रफळ २२ टक्क्यांनी वाढतं. मग ती गाडी स्लोला कायमची रिच. क्लीनर मारा, हवेचा प्रेशर द्या. तरी निघत नसेल तर नवा जेट घ्या.

दारात उभी असलेली गाडी यावलकडची आहे. मालकाने मजकूर वाचून स्क्रू अडीच फेऱ्या काढला. फरक पडेना म्हणून आणखी दोन. रबर क्लिपच्या खालच्या बाजूने, वरून न दिसणाऱ्या जागी तडकलं होतं. नवं बसवलं. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवला, दीड फेरी बाहेर काढला आणि इंजिन गरम करून पाव-पाव फेरीने सर्वांत जास्त रेस जिथे मिळाली तिथे ठेवला. मग स्लोची रेस ठरवणारा दुसरा स्क्रू कमी केला. पहिल्या स्क्रूच्या पावणेदोन फेऱ्या झाल्या. हा आकडा मार्करने सीटच्या खाली लिहून ठेवलाय, महिन्यासकट.