विंचवाच्या प्रकरणाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, भुताविषयी नाही

महोदय,

किशोरवयीन वाचकांसाठी आम्ही काढलेल्या अद्भुत कादंबरीला आपण एकच तारा दिला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातून मुलांच्या हाती भुताचे पुस्तक द्यावे हे लाजिरवाणे आहे, सातव्या प्रकरणात आजीच्या मंत्राने विंचू उतरतो, घराण्याच्या गोतावळ्यात आपली नववीतली मुलगी हरवून गेली आणि अर्ध्यावर पाने सुटली, अशी कारणे आपण लिहिली आहेत. आपण पुस्तक शेवटपर्यंत वाचले आहे हे त्यातून दिसते, म्हणून प्रकाशिका या नात्याने सविस्तर उत्तर देत आहे.

विंचवाच्या प्रकरणात चूक झाली आहे आणि ती माझ्या नजरेतून सुटली. नायिकेच्या धाकट्या भावाला विंचू चावतो, आजी रात्रभर उशाशी बसून मंत्र म्हणते आणि सकाळी मूल अंगणात खेळू लागते, हे वाचताना मला केवळ आजीची माया दिसली. परंतु आपल्या भागात लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करून जीव घेऊ शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून अशी कितीतरी मुले वाचली आहेत, आणि तीही वेळेवर दवाखान्यात पोहोचली म्हणूनच. साप, विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि ज्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर निघाला, त्याच्याशी विसंगत प्रसंग साताऱ्यात छापला जावा याचे मला मनापासून वाईट वाटते. लेखिकेशी बोलणे झाले आहे. नव्या आवृत्तीत आजी मंत्र म्हणत असेल, पण गाडीत, मुलाचे डोके मांडीवर घेऊन, दवाखान्याच्या वाटेवर. दुकानात शिल्लक असलेल्या प्रतींत दुरुस्त पाने घातल्याशिवाय एकही प्रत विकली जाणार नाही.

भुताविषयी मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. या कादंबरीतले भूत कोणाच्या अंगात येत नाही, नैवेद्य मागत नाही आणि त्याला उतरवायला कोणी भगतही येत नाही. १८९७ च्या प्लेगात गाव माळावरच्या झोपड्यांत राहायला गेले असताना वारलेली ती बारा वर्षांची मुलगी आहे, आणि घराण्याच्या वंशावळीत केवळ मुलग्यांची नावे असल्यामुळे तिची कुठेच नोंद नाही. सुगीनंतर बैल घेऊन येणारा हेळवी आपल्या चोपडीतून पिढ्या वाचून दाखवतो तो प्रसंग आपल्याला आठवत असेल. आमच्या बाजूला हेळवी अजूनही येतात, आणि घरातली म्हातारी माणसे त्या वेळी कशी सावरून बसतात हे मी लहानपणी पाहिले आहे. कथेत तो सगळी नावे वाचतो, आणि जिन्यावर उभी असलेली ती मुलगी आपले नाव येईल म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहते. पुढे नायिका मोडी शिकते. जुन्या पत्रातले अक्षर बिनचूक लागले की ते लिहिणाऱ्याचा आवाज वाड्यात ऐकू येतो, एवढीच या पुस्तकातली जादू आहे.

दाभोलकरांचा झगडा भुताच्या नावाने माणसांना लुबाडणाऱ्या आणि मिरचीची धुरी देऊन छळणाऱ्या लोकांशी होता. पिंपळावरचा मुंजा, डोहातला गिऱ्हा, विहिरीवरच्या साती आसरा यांच्या गोष्टी ऐकलेले प्रत्येक मूल त्या लोकांच्या दारी जात नाही. गोष्ट खरी मानणे आणि गोष्टीत रमणे यातला फरक नववीतल्या मुलीला कळतो असा माझा विश्वास आहे. तरीही आपली मुलगी चार रात्री दिवा लावून झोपली, असे आपण लिहिले आहे, ते मी हलके मानत नाही. मुखपृष्ठावर वयोगट ठळकपणे छापायला हवा होता.

वंशावळीचा तक्ता न छापण्याचा निर्णय माझा होता, लेखिकेचा नव्हे. एक फॉर्मा वाढेल आणि किंमत चढेल म्हणून मी तो गाळला, आणि पाच पिढ्यांच्या कथेला त्याची किती गरज होती हे आपल्या पत्रावरून कळले. शिलाईऐवजी नुसत्या चिकटवलेल्या बांधणीलाही काटकसर हेच कारण होते. नवी आवृत्ती शिवलेली असेल.

आपली प्रत दुकानात आणून द्यावी, किंवा कळवल्यास आमचा माणूस घरी येऊन घेऊन जाईल. पैसे परत हवेत की नवी प्रत, हे आपण ठरवावे. वंशावळीचा तक्ता वेगळ्या कागदावर छापून तयार आहे. त्यात प्लेगात गेलेल्या त्या मुलीचे नाव तिच्या भावांच्या ओळीत घातले आहे. आपल्या मुलीला पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटो वा न वाटो, तो कागद तिच्यासाठी बाजूला ठेवला आहे.

आपली,
प्रकाशिका, सातारा