व्हेंटिलेटर, नळी आणि फादर मॅककॉर्मिक: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कॅथलिक नीतितज्ज्ञ फादर रिचर्ड मॅककॉर्मिक यांच्यावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत, की रुग्णाचा व्हेंटिलेटर (श्वास चालू ठेवणारं यंत्र) आणि पोटात अन्न पोहोचवणारी नळीही काढायला मुभा देणारे हे धर्मगुरू दयामरणाचीच वकिली करतात आणि असलं वाचून वसई-वेंगुर्ल्याची माणसं खर्चापायी म्हाताऱ्यांना घरी आणून टाकतील. आपली भीती रास्त आहे, आरोप मात्र चुकीच्या माणसावर आहे.

यंत्र काढायची मुभा ही या येशूसंघीय फादरांची कल्पना नव्हे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितलं होतं: साधे उपाय बंधनकारक, रुग्णावर किंवा घरच्यांवर अतोनात भार टाकणारे नाहीत. व्हेंटिलेटरवर बेशुद्ध पडलेल्या कॅरेन क्विनलन या अमेरिकन तरुणीचे कॅथलिक आईवडील १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयात याच शिकवणीवर उभे राहिले. यंत्र निघालं, नळीवाटे अन्न चालू राहिलं आणि ती १९८५ पर्यंत जगली. जीव घ्यायचा असता तर आधी नळी काढली असती.

नळीबाबत आपला आक्षेप मात्र मान्य. मॅककॉर्मिक कायम बेशुद्ध रुग्णाच्या नळीलाही अतोनात भाराचा तोच नियम लावत. ते २००० साली वारले. पुढे २००४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणि २००७ मध्ये रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने सांगितलं, की नळीचं अन्नपाणीही तत्त्वतः बंधनकारक, शरीर त्याने पोसलं जातं तोवर. हे लेखात यायलाच हवं होतं. 'तोवर' हा शब्द महत्त्वाचा: अखेरच्या दिवसांत फीड जिरत नाही, पोट फुगतं, अन्न उलटून छातीत जातं. तेव्हा नळी पोसत नाही, छळते.

आता घरी आणण्याबद्दल. सहीवर डिस्चार्ज घेऊन, रुग्णवाहिकेत श्वास देणारा फुगा हाताने दाबत आणायचं आणि ओटीवर श्वासनळी ओढायची, हे खरोखर क्रूर आहे. मॉर्फिन नसेल तर माणूस गुदमरून तडफडू शकतो. दुखणं शमवायला असं औषध देणं पोप पायस यांनी त्याच वर्षी योग्य ठरवलं होतं. रीतसर मार्ग रुग्णालयातच आहे: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ, दोन्ही मंडळांनी उपचार थांबवण्याबाबत शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हे सोपं केलं. अखेरच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र आधीच करायचं तर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे ठेवावी.

आणि आपल्या चर्चच्या फादरांना माणूस शुद्धीवर असतानाच बोलवावं. पवित्र तेल बेशुद्धीतही लावता येतं, पापांची कबुली देऊन प्रायश्चित्त घेता येत नाही.