घाटावरच्यांनी समुद्राचा माल कसा उचलावा

बेळगावला समुद्र नाही हे मला पण माहितीय, म्हणून काय गाफील राहायचं? तवंदी घाटात ट्रक पलटी झाला की ड्रायव्हर केबिनमधनं बाहेर यायच्या आत पोती घेऊन हजर होणारी माणसं आपण, मग जहाजावरनं पडलेला माल काय फक्त किनाऱ्यावरच्यांनीच न्यायचा? चोर्ला घाट उतरला की गोवा, डिकी तेवढी रिकामी ठेवा.

आता माल कुठला उचलायचा ते बघा. बूट दिसले की लगेच पाय घालू नका. 1990 साली हान्सा कॅरिअर जहाजावरनं पॅसिफिकमध्ये नाइकीचे 60 हजारांवर बूट पडले, जोड्या एकमेकांना बांधलेल्या नव्हत्या, त्यामुळं डावा एकीकडं लागला नि उजवा भलतीकडंच, मग अमेरिकेच्या किनाऱ्यावर लोकांनी जोड्या जुळवायला मेळावे भरवले. आपल्याकडं वधू-वर मेळावे होतातच की, तिथंच कोपऱ्यात एक टेबल वाढवायचं. खेळणी पाहिजे असतील तर दम धरा, 1992 ला पडलेल्या 28,800 प्लास्टिकच्या बदक-बेडूक वगैरेंपैकी पहिली दहा महिन्यांनी अलास्कात लागली आणि बाकीची पुढं कित्येक वर्षं येतच होती, तोवर आपलं पोरगं इंजिनिअर होऊन पुण्याला गेलेलं असतंय.

नशीब जोरावर असेल तर एमएससी नापोलीसारखं जहाज गाठा. 2007 च्या जानेवारीत इंग्लंडात ब्रॅन्सकमच्या किनाऱ्यावर लोकांनी कोऱ्या बीएमडब्ल्यू मोटरसायकली वाळूतनं ढकलत नेल्या! तिथं सापडलेला माल 28 दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवायचा असतो म्हणे. म्हणजे सत्तावीस दिवस आपलेच.

जवळचं उदाहरण पाहिजे तर 25 मे 2025, कोचीजवळ एमएससी एल्सा 3 बुडालं, वर 640 कंटेनर. त्यातल्या 12 मध्ये कॅल्शियम कार्बाईड. हां तेच, बाजारात आंबा-केळी पिकवायला पुडी ठेवतात ते, बंदी आहे तरी ठेवतात. पाणी लागलं की त्यातनं पेट घेणारा गॅस निघतो, म्हणून केरळ सरकारनं सांगितलं कंटेनर दिसला तर 200 मीटर लांब राहा. आपल्या माणसाला 200 मीटर म्हणजे फोटो नीट येत नाही एवढंच कळतंय.

पण एक माल आहे त्याला कुणीच पोतं घेऊन येत नाही. प्लास्टिकचे दाणे, ज्यापासनं बादल्या नि पिशव्या करतात ते. तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर त्याच जहाजातले दाणे आले, जूनमध्ये आम्ही तिकडं फिरायला गेलो तर माणसं वाकून वाकून चाळणीनं वाळू चाळालेत. दिवसभर चाळून पोतं भरायचं नि रात्री भरतीनं पुन्हा तेवढंच आणून टाकायचं. माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, हे फुकट नेलं तर चालतंय काय?" मी म्हटलं ने की, सगळंच ने. तर नाही नेलं त्यानं. मोटरसायकल पाहिजे होती त्याला.

मी मात्र आणले, न विचारता. बेळगावात अनगोळला घरी येऊन पायरीवर सँडल झटकली तर सोलच्या खाचेतनं तीन पांढरे मणी पडले. आई म्हणाली, "एकादशी लांब आहे अजून, साबुदाणा कुणी सांडला रे?" आणि मी काय बोलायच्या आत खराट्यानं गटारीत ढकलले. गटार बळ्ळारी नाल्याला, नाला मार्कंडेयला, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. अरबी समुद्रातला माल अनगोळमार्गे बंगालच्या उपसागराला रवाना झाला बगा, बिल्टीसुद्धा फाडावी लागली नाही.