कासच्या शूटिंगबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

काल रात्री दुकान बंद करून घरी गेल्यावर तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की आमच्याकडून घेतलेलं १२८ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ जीबीच दिसतं, म्हणजे डुप्लिकेट आहे. रविवारी कासला ४के व्हिडिओ करताना रेकॉर्डिंग सारखं आपोआप बंद पडत होतं. घरी येऊन तेच कार्ड वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यात घातलं, तर त्याने फॉरमॅट मागितलं. तुम्ही ते केलं आणि दिवसभराचं सगळं गेलं. सोमवारी दुकानात आलात, तर ‘विकलेला माल परत घेत नाही’ म्हणून परत पाठवलं.

शेवटच्या गोष्टीपासून सांगतो. सोमवारी मी पुण्याला गेलो होतो, पण ते कारण होत नाही. ती पाटी भिंतीवर मीच लावली आहे. चूक आमची असेल तेव्हा ती लागू होत नाही, हे मी मुलांना सांगायला हवं होतं. तुम्हाला हेलपाटा पडला, त्याची माफी मागतो.

कार्ड डुप्लिकेट नाही. सकाळी त्याच खोक्यातलं दुसरं पाकीट फोडलं आणि एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरने कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहिलं. दोन तास गेले, पण भरलेलं सगळं जसंच्या तसं परत आलं. नकली कार्डात छापलेली जागा नसतेच, त्यामुळे तिथे या तपासणीत चुका दिसतात. ११९ चं कोडं हिशोबाचं आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, म्हणून १२८ जीबी म्हणजे १२८ अब्ज बाइट. कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो आणि तेवढ्याच बाइटना ११९ म्हणतो. ६४ चं कार्ड घेतलंत तर ते साडेएकोणसाठच्या आसपास दिसेल.

पण कार्ड अस्सल असलं तरी तुमच्या कामाचं नव्हतं, आणि ते आम्ही दिलं. बिलबुकात नुसतं ‘१२८ जीबी मेमरी कार्ड’ लिहिलंय, म्हणून साठ्याच्या वहीत पाहिलं. त्या कार्डावर इंग्रजी यू अक्षराच्या पोटात १ हा आकडा आहे. त्याचा अर्थ, लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही, एवढीच हमी. तुम्ही १०० एमबीपीएसवर ४के करत होता. ते १०० मेगाबिट आहेत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी लागतात. कार्डाचा वेग कधी वर जातो, कधी हमीपर्यंत उतरतो. उतरला की कॅमेरा थांबतो. म्हणूनच काही क्लिप नीट झाल्या आणि काही मध्येच तुटल्या. फोटोंना त्रास झाला नाही, कारण कॅमेरा फोटो आधी स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने कार्डावर उतरवतो.

पाकिटावर मोठ्या अक्षरात १०० एमबी लिहिलंय, मग ते खोटं का, असं तुम्ही विचारलंय. तो वाचण्याचा वेग आहे, कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतानाचा. व्हिडिओ करणाऱ्याच्या कामाचा आकडा म्हणजे बारीक छापलेलं व्ही३० किंवा यूच्या पोटातला ३. दोन्हींची हमी ३० एमबीची. काउंटरवरच्या मुलाने मोठा आकडा पाहिला आणि ‘सगळ्यात चालतं’ म्हणून सांगितलं. वय लहान आहे, मन लावून शिकतोय. त्याला हे नीट शिकवलं नाही ते मी.

रिव्ह्यूत तुम्ही कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलंय, त्याला व्ही३० पुरतं. व्ही६०, व्ही९० च्या नादी लागू नका. ती बहुतेक कार्डं मागच्या बाजूला पिनांच्या दोन ओळी असलेली असतात. तुमच्या कॅमेऱ्यात एकच ओळ जोडली जाते, म्हणजे जास्तीचे पैसे वाया जातील. तुमच्या सेटिंगला तासाभराचं ४के साधारण ४५ जीबी खातं. म्हणून एका १२८ ऐवजी ६४ ची दोन कार्डं घ्या, असं मी सुचवेन. आमच्याकडे येणारे लग्नाचे फोटोग्राफर असंच करतात. एक कार्ड दगा देऊन गेलं तरी अर्धा दिवस हातात राहतो.

वडिलांचा कॅमेरा २००८ चा आहे असं तुम्ही म्हणता. त्या काळातले कॅमेरे एसडीएचसी कार्ड घेतात, तेही ३२ जीबीपर्यंत. त्याच्या पुढची कार्डं एसडीएक्ससी. तो प्रकारच २००९ मध्ये आला. दिसायला दोन्ही सारखीच, खाचेत बसतातही, पण जुन्या कॅमेऱ्याला आतली मांडणी वाचता येत नाही आणि तो फॉरमॅट मागतो. कोणीही हो म्हणेल, त्यात तुमची चूक धरत नाही. त्यांच्यासाठी १६ जीबीचं साधं कार्ड भरपूर झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फॉरमॅट केल्यावरही त्या कॅमेऱ्यात एकही फोटो निघाला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर आशा आहे. कॅमेऱ्यातलं फॉरमॅट बहुतेक वेळा अनुक्रमणिका पुसतं, पानं तशीच राहतात, जोवर त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही. फोटो बऱ्यापैकी परत येतात. व्हिडिओचे तुकडे कार्डभर विखुरलेले असतात, तिथे खात्री देता येत नाही. तुम्ही कार्ड घेऊन या, तुमच्यासमोर बसून प्रयत्न करतो. त्याचे पैसे घेणार नाही. व्ही३० ची दोन कार्डं आणि वडिलांसाठीचं १६ चं कार्ड बदली देतो, वरचा फरकही नको. सगळे पैसे परत हवे असतील तर तेही देतो. कासची फुलं पुन्हा वर्षभराने, त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

सोमवार सोडून सकाळी दहा ते रात्री आठ मी स्वतः दुकानात असतो. तोपर्यंत ते कार्ड कशातही घालू नका. कार्डाच्या डाव्या कडेला एक बारीक खिट्टी आहे, ती नखाने खाली सरकवा. म्हणजे चुकून कुठे घातलं गेलं तरी त्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून तसंच घेऊन या.