गल्ली चोरांच्या ताब्यात देण्याचे सोपे उपाय

गल्लीत अजून चोऱ्यामाऱ्या होत नाहीत म्हणून तुम्हाला कमीपणा वाटतो का? घाबरू नका. मागच्याच आठवड्यात माझ्या स्कूटरची बॅटरी गेली, तेव्हा या विषयावर चार शब्द सांगायचा अधिकार मला आपोआप मिळाला आहे.

सुरुवात कचऱ्यापासून करा. कोपऱ्यावर एक पिशवी टाका, पुढच्या पिशव्या आपल्या पायांनी येतील. मनाचं सांगत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात संशोधकांनी टपालपेटीच्या तोंडात एक पाकीट अर्धवट अडकवून ठेवलं, आतली पाच युरोंची नोट बाहेरून दिसेल असं. आजूबाजूला स्वच्छ होतं तेव्हा 13 टक्के लोकांनी ते ढापलं. पेटीभोवती कचरा टाकल्यावर 25 टक्क्यांनी, आणि पेटीवर रंगाने गिरगटून ठेवल्यावर 27 टक्क्यांनी. 2008 साली हे छापूनही आलं. म्हणजे चोर बाहेरून मागवायचीही गरज नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या सभ्य माणसांतूनच दुप्पट पीक निघतं!

कुंपणाची भिंत चांगली पुरुषभर उंच बांधा. आत शिरलेल्या चोरालाही एकांत हवा असतो.

रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावा. बाहेर काय चाललंय ते घरातल्या कुणाला दिसायला नको.

आता रामबाण उपाय. खांबावरचा दिवा गेला की गेलेलाच राहू द्या. न्यूयॉर्कने 2016 साली सरकारी घरवस्त्यांत जादा दिवे उभारून पाहिले, तर तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. असला अविचार आमच्या दिवाबत्ती खात्याच्या हातून कधी होणार नाही. मी ॲपवर तक्रार केली. वायरमन दुपारी आला, भर उन्हात खांबाचा फोटो काढला आणि गेला. संध्याकाळी निरोप: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला तारे द्या.' पुन्हा तक्रार केली, तर म्हणे ही आधीच निकाली निघाली आहे. खांबावर कॅमेरा मात्र आहे हं! चौकीत चित्रण बघितलं. बराच वेळ काळोख, मग जरासा हलणारा काळोख, मग पुन्हा काळोख. तो जो हलला, ती माझी बॅटरी असावी. वर तिथले साहेब मलाच विचारतात, "अंधारात गाडी लावलीच कशाला?" कशाला म्हणजे? माझ्या दारापुढचा अंधार काय मी पाडलाय?

फिलाडेल्फियात पडीक जागांतला राडारोडा उचलला, गवत लावलं, चार झाडं आणि एक बुटकं लाकडी कुंपण. बस्स. गरीब वस्त्यांतली बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी उतरली. आणि तुम्हाला एक दिवा बदलता येत नाही? फोटो काढायला माणूस पाठवता, त्याच्या हातात दिवा देऊन पाठवायला काय होतं? लाज वाटत नाही वर तारे मागायला?

आणि गल्लीकरांनो, तुम्हीही शहाजोगपणा करू नका. दिव्याच्या अर्जावर सह्या मागत फिरलो तेव्हा "आमच्या दारात येतो की उजेड" म्हणून दारं लावून घेतलीत. आता जिन्यात गाठून "पोलीस करतात तरी काय हो?" विचारता. पोलीस काय करतात ते राहू द्या, तुम्ही काय केलंत? अर्ज अजून माझ्याकडेच आहे. सही करायची असेल तर या, नाहीतर गप्प बसा.